आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. इथल्या मुलांना गोल्फची गोडी लावता येईल का? या खेळाला पुढे भवितव्य आहे का?

गोडी लावता येईल, पण सुरुवात लांब फटक्याने नको, पटिंगने, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच भोकात ढकलण्याने, करा. शाळेत मुलांचे खेळ घेतो, त्यावरून सांगतो: मुलांना चेंडू भोकात पडलेला लगेच दिसला पाहिजे, नाहीतर ती क्रिकेटकडे पळतात. पटांगणाचा एक कोपरा पाणी मारून चोपून घ्या आणि 108 मिलिमीटर व्यासाचा डबा गाडा. नियमातला होल तेवढाच असतो. दोन जुने पटर, म्हणजे पटिंगच्या काठ्या, पुरतात. लांब फटके सोयाबीन निघालेल्या वावरात, तेही टेनिसच्या चेंडूने. खरा चेंडू 46 ग्रॅमचाच, पण डोकं फोडतो.

भवितव्याचं म्हणाल तर गोल्फ 112 वर्षांनी 2016 ला ऑलिंपिकमध्ये परतला, टोकियोत आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर तर आधी कॅडी, म्हणजे खेळाडूंची काठ्यांची पिशवी वाहणारा, होता. मात्र 18 होलच्या मैदानाला शंभरेक एकर जमीन आणि भरपूर पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते मागूच नये. त्यामुळे पोरांना करिअरचं गाजर दाखवू नका. एखादा खरंच चमकला तर सरावासाठी मोठ्या शहरातच धाडावं लागेल, आणि तो खर्च कोण उचलणार हे आधी ठरवा.