पिणाऱ्यांची कॉन्ट्री न पिणाऱ्याने का भरावी?

सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 27, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये अकाउंट्स बघतात, हातात पगार 24,000 रुपये. कॉलेजपासूनची सहा जणांची गँग महिन्यातून एकदा पुणे रोडला जेवायला बसते. हे स्वतः शाकाहारी, दारू घेत नाहीत. सहातला आणखी एक जण माळकरी. उरलेले चौघे मटणवाले, त्यातले तिघे पिणारे. बिल आलं की सरळ भागिले सहा. वेटरची टिप एक मित्र आपल्या मर्जीने ठेवतो आणि तीही कॉन्ट्रीत धरतो. बिल मात्र दरवेळी यांच्याच क्रेडिट कार्डावर, कारण 'हिशोब तुलाच जमतो'. दोघांकडून मागच्या दोन वेळचे पैसे अजून आलेले नाहीत. विचारतात, 'गप्प बसून भरत राहू, वाटणी बदला म्हणू, की जाणंच बंद करू? बोललो तर कंजूस ठरेन.'

तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते बरं झालं, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही.

जेवण 3,600, त्यावर 5 टक्के जीएसटी 180, म्हणजे 3,780. दारू 2,400, त्यावर 10 टक्के व्हॅट 240, म्हणजे 2,640. एकूण 6,420. वर टिप 300. भागिले सहा केल्यावर तुम्ही भरले 1,120.

आता तुमच्या पानात काय पडलं ते बघू. कडक भाकरी, शेंगाचटणी, पापड, भात, दही, पाण्याच्या बाटल्या हे सगळ्यांचं, 900 रुपयांचं. त्यात तुमचा वाटा 150. शेवभाजी, दालफ्राय आणि पनीर 540 चं, ते तुम्ही दोघांनी खाल्लं, म्हणजे 270. बेरीज 420, जीएसटी धरून 441. टिपेतला वाटा वीसेक रुपये. साधारण 460 चं जेवण तुम्ही 1,120 ला जेवलात. असंच चाललं तर वर्षाला 7,900 च्या आसपास जास्तीचे जातात. तुमच्या पगारात ही रक्कम छोटी नाही, आणि ती खुपते म्हणून तुम्ही कंजूसही ठरत नाही.

तरी प्रत्येक पदार्थाचा हिशोब मांडायला मी सांगणार नाही. पापड कुणी किती मोडले हे मोजायला लागलात तर पुढच्या महिन्याला कुणी बोलावणार नाही. फक्त दोन ढीग करा, खायचं एक आणि प्यायचं एक. सरकारने ते आधीच करून ठेवलेत. माणसाच्या पिण्याची दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून परमिट रूम असलेल्या बऱ्याच हॉटेलांत दोन्हींची बिलं वेगळीच निघतात, आणि एकत्र निघालं तरी आकडे वेगळे छापलेले असतात. जेवणाचे 3,780 आणि टिपेचे 300 सहा जणांत वाटले की माणशी 680. दारूचे 2,640 तिघांत, माणशी 880. पिणारा 1,560 देईल, तुम्ही 680. महिन्याला 440 वाचले, वर्षाला 5,280.

शाकाहारी-मांसाहारी असा तिसरा ढीग केला तर जेवणात तुमचे आणखी 189 वाचतील. ते मी सोडून देईन. एखाद्या वेळी तुमचंच पनीर महाग पडतं, आणि जेवणाचं ताट एक धरण्यात जो मोकळेपणा आहे त्याला एवढी किंमत द्यायला हरकत नाही. पण हे तुमच्या पगारावर बेतलेलं मत आहे. त्या माळकरी मित्राची कमाई तुमच्याहून कमी असेल किंवा घरी अडचण असेल, तर तिसरा ढीग करा, आणि तो तुम्ही सुचवा, त्याला बोलायला लावू नका. थाळीची खानावळ निवडली तर हा प्रश्नच उरत नाही, ज्याची त्याची थाळी. हुरडा पार्टीत पैशावरून कधी कुरबूर होत नाही ती याचमुळे, माणशी दर आधी ठरलेला असतो.

टिपेबद्दल. तंतोतंत वाटायची तर ती बिलाच्या प्रमाणात वाटावी. सोडा-बर्फासाठी वेटरला दहा हेलपाटे पडले ते पिणाऱ्यांमुळे, टेबल तीन तास अडलं तेही त्यांच्यामुळे. तशी वाटली तर तुमच्या 50 चे 29 होतात. 21 रुपयांसाठी तोंड उघडू नका. मात्र रक्कम एकाने परस्पर ठरवायची आणि सहांवर घालायची, हे थांबवा. उठायच्या आधी 'टिप किती ठेवायची?' एवढं विचारलं की झालं. ज्याला जास्त द्यावीशी वाटते त्याने वरचे स्वतःचे द्यावेत. आणि टिप रोख, वेटरच्या हातात द्या. क्यूआरवर टाकलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात, तिथून त्या पोरापर्यंत पोचतील याची खात्री नाही.

बिलात 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलने हा आकार आपणहून बिलात लावायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या योग्य ठरवल्या. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जीएसटीचं मात्र तसं नाही, तो द्यावाच लागतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या सोप्या ठोक कराच्या योजनेत असलेल्या छोट्या खानावळीला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरता आलं नाही, 'मिनिमम ड्यू' (बँकेने ठरवलेली किमान रक्कम) भरलं आणि 9,000 पुढे गेले. मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. पावणेचार टक्क्यांनी 9,000 वर व्याज 337, जीएसटी धरून जवळपास 400 रुपये, एका महिन्याचे. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. वाटणी बदलून जे 440 वाचणार, ते बँक घेऊन जाईल.

हे कसं होतं ते मी अनेकांच्या पासबुकात बघतो. मित्रांचे 1,120 वेगवेगळ्या दिवशी सेव्हिंग खात्यात येतात. आज एकाचे आले, त्यातून पेट्रोल. परवा दुसऱ्याचे, त्यातून किराणा. बिलाची तारीख येते तेव्हा खात्यात ते पैसे नसतात. म्हणून ज्या रात्री पैसे येतील त्याच रात्री ॲपवरून कार्डाला भरा, बिल निघायची वाट बघू नका. सध्याचे 9,000 पतसंस्थेतली तुमची आरडी (दरमहा भरायची ठेव) मोडून फेडा. आरडीवरचं व्याज कार्डाच्या व्याजाच्या जवळपासही येत नाही, त्यामुळे मोडताना वाईट वाटून घेऊ नका. बाकी फिटली की वाचलेले 440 पुन्हा आरडीत टाका. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत 6.7 टक्के धरले तर 26,400 चे 31,400 होतात.

दोघांकडचे 4,480 अडकलेत. ग्रुपवर आठवण टाकू नका, सगळ्यांदेखत मागितलं की माणूस चिडतो आणि पैसे आणखी लांबतात. एकेकाला फोन करा आणि म्हणा, 'या वेळचं जेवणाचं बिल तुम्ही दोघं काउंटरला भरा, आपला मागचा हिशोब त्यात वळता करू.' जेवण 3,800 च्या आसपास होतं, त्यातला त्या दोघांचा स्वतःचा वाटा वजा केला तर 2,500 च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त वसूल. बाकीचे त्यांचा वाटा तुम्हाला देतील, आणि तो थेट कार्डाला जाईल.

जाणं बंद करू नका. महिन्याला 680 म्हणजे तुमच्या पगाराच्या तीन टक्क्यांहून कमी. कॉलेजपासूनची माणसं या खर्चात भेटत असतील तर तो बिनधास्त करा.

राहिला बोलायचा प्रश्न. बिल टेबलावर आल्यावर बोललात तर ते अंगावर येतं, ऑर्डरच्या आधी बोललात तर ती नुसती व्यवस्था असते. आधी माळकरी मित्राशी बोला, त्याच्याही मनात हेच असण्याची शक्यता आहे. मग पिणाऱ्यांपैकी जो समजूतदार आहे त्याला विश्वासात घ्या. प्रस्ताव त्याच्या तोंडून आला तर वादच होणार नाही. ऑक्टोबर 2025 पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसरीला पैशांची रिक्वेस्ट पाठवायची सोय बंद झाली आहे, त्यामुळे तुमच्या क्यूआरचा फोटोच ग्रुपवर टाकावा लागेल. या महिन्यात जेवणाचं बिल पैसे राहिलेले ते दोघं भरणार आहेत, तेव्हा त्यांना वगळून. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना. सोबत एवढं लिहा:

'शनिवारी बसायचंय. जेवण आणि टिप धरून माणशी 700 आधी टाका, उरले तर परत. प्यायचं बिल वेगळं काढायला सांगतो, ते तुम्ही तिघं बघा.'