गायन सुरू झाले की माझे ओठ मिटतात

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. दीड वर्षापूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, त्यामुळे शिवणयंत्र आता रात्रीच चालते. मंडळीतील लोक येतात, प्रार्थना करतात आणि जाताना म्हणतात, ‘बाई, यातही देवाची काही योजना असेल.’ एका प्रार्थनासभेत तर मला सांगण्यात आले की माझा विश्वास पुरेसा असता तर एव्हाना ते चालू लागले असते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणे हीच विश्वासाची खूण होय. शेजारीण त्यांच्याजवळ बसते तेव्हा मी उपासनेला जाते, पण देवाच्या चांगुलपणाचे गायन सुरू झाले की माझे ओठ मिटतात. मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का? देव चांगला आहे असे मी कशाच्या आधारावर म्हणावे?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : भगिनी, सलाम. आधी गोळ्यांचे. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. नव्या करारातील पत्रे लिहिणाऱ्या पौलाने आपला सोबती लूक याला प्रिय वैद्य म्हटले आहे आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. औषध घेणे हा अविश्वास असता तर हे त्याने लिहिले नसते. गोळ्या सोडल्याने दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो, आणि तो झटका सल्ला देणाऱ्याच्या घरी येत नाही. विश्वास कमी पडल्याचा आरोपही मनातून काढून टाका. आपल्या ‘शरीरातील काटा’, म्हणजे सततचा त्रास, निघावा म्हणून पौलाने देवाला तीनदा विनंती केली आणि तो काटा तसाच राहिला. त्याचा विश्वास तोकडा होता असे म्हणायला कोणी धजावत नाही.

आता रागाविषयी. यरुशलेम नगरी बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केल्यानंतरचे विलापगीत आपल्या शास्त्रात आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायातील एक वचन आपण घराघरांत भिंतीवर लावतो : परमेश्वराची दया सरत नाही, ती रोज सकाळी नवी होते. भिंतीवर न लावलेला भाग मात्र त्याच अध्यायात, या वचनाच्या अगदी आधी आहे. देव माझ्यासाठी दबा धरून बसलेल्या अस्वलासारखा झाला, त्याने खड्यांनी माझे दात फोडले, मी हाक मारतो तेव्हा तो माझी प्रार्थना आत येऊ देत नाही, असे तो कवी देवाच्या तोंडावर म्हणतो. बरे, आशेच्या त्या चार ओळी लिहून त्याचे समाधान झाले असेही नाही. विलाप पुन्हा सुरू होतो, आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेवरच पाचव्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथ संपतो. स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच थांबते, त्याला उजेडाची ओळ नाही. उपासनेत गाण्यासाठी जमवलेल्या संग्रहात हे स्तोत्र ठेवणाऱ्यांना तुमची रात्र ठाऊक होती. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही, तो उठून निघून जातो. तुम्ही अजून भांडत आहात. याला मी पाप म्हणणार नाही.

शास्त्रात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाची गोष्ट आहे; त्याला उपदेश करणाऱ्या मित्रांनाही शेवटी देवाने फटकारले. ईयोब कडू बोलला, मित्र देवाची बाजू घेऊन बोलले, आणि निकाल ईयोबाच्या बाजूने लागला. त्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली होती : पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. मला ही गोष्ट उशिरा कळली. तरुणपणी एका विधवेच्या ओसरीवर बसून मीही ‘देवाची इच्छा’ असे म्हणालो होतो. ती काही न बोलता आत गेली, चहा टाकला, आणि तो माझ्यासमोर ठेवून माझा कप रिकामा होईपर्यंत दारातच उभी राहिली. त्या घरी मला पुन्हा कोणी बोलावले नाही.

‘सर्व गोष्टी मिळून’ देव कल्याण घडवतो, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील वचनही तुम्हाला ऐकवले गेले असेल. त्यात पक्षाघात चांगला असतो असे म्हटलेले नाही. त्याच्या जरा आधी सारी सृष्टी कण्हत आहे, आपण कण्हत आहोत आणि आत्माही शब्दांवाचून कण्हत मध्यस्थी करतो, असे पौल सांगतो. तुमच्या यजमानांना शब्द उरलेले नाहीत. त्यांची प्रार्थना कशी होत असेल, याचे उत्तर मला तिथे सापडते.

राहिला आधाराचा प्रश्न. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात उपासमारीने गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले. हे सारे त्यांच्या 1883 मधील बाप्तिस्म्यापूर्वीचे, म्हणून कोणी म्हणेल की पुढे दुःख संपले. ते संपले नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. त्या शेवटच्या काळातही केडगावच्या मुक्ती सदनात त्यांचे मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापण्याचे काम चालू होते, आणि आश्रमातल्या स्त्रियाच खिळे जुळवत होत्या. मुलीच्या मृत्यूचा खुलासा रमाबाईंना मिळाला असेल असे मला वाटत नाही. खुलाशावाचूनही त्या कामाला बसल्या, कारण त्यांचा भरवसा खुलाशावर नव्हता, एका व्यक्तीवर होता.

ती व्यक्ती, म्हणजे येशू, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडली, आणि तेही त्याला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असताना. वधस्तंभावर तिने बाविसाव्या स्तोत्राची हाक मारली : माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देव चांगला आहे असे मी म्हणतो ते एवढ्याच आधारावर, की तुमचा प्रश्न त्याने स्वतःच्या तोंडाने विचारला आहे. माझ्या आयुष्याच्या जमाखर्चावरून मला ते सिद्ध करता आले नसते.

तेव्हा रविवारी ओठ मिटले तर मिटू द्या, तुमच्या वाटचे गायन बाजूच्या बाकावरचे गातील. रात्री कूस बदलून झाल्यावर तेरावे स्तोत्र यजमानांच्या कानाशी मोठ्याने वाचा; त्याची सुरुवातच ‘कोठवर’ या प्रश्नाने होते आणि ते सहाच वचनांचे आहे. आणि जे भेटायला येऊन योजनेची गोष्ट काढतील त्यांना संकोच न करता सांगा की आठवड्यातून एका रात्री दहा ते दोन त्यांनी यजमानांजवळ बसावे, म्हणजे तुम्हाला सलग झोप मिळेल. तोंडाने मागणे जमत नसेल तर हे उत्तर तुमच्या पाळकांना दाखवा.