पायोरिया असलेल्या माणसाने लेहला गेलं तर मेंदूला सूज येते का?

तुमचा प्रश्न असा: वडील 64 वर्षांचे, जुना पायोरिया, दोन दात हलतात. जूनमध्ये पुण्याहून विमानाने लेह. आणि ‘हिरड्या खराब असतील तर उंचीवर मेंदूला सूज येते’ असं वाचल्यापासून घरात वाद चालू आहे.

मी साताऱ्यात दातांचा डॉक्टर आहे आणि लेहमध्ये स्वतः दीड दिवस डोकं धरून पडलेलो आहे. तेव्हा दोन्हीकडचं थोडं सांगतो.

घोळ ‘सूज’ या शब्दात आहे. पाय मुरगळून टम्म फुगला तरी आपण सूज म्हणतो आणि हिरडी लाल होऊन रक्त यायला लागलं तरी सूजच. मेंदूच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. पाणी साचणं वेगळं, दाह वेगळा.

उंचीवर जीव घेते ती पाण्याची सूज. लेह साधारण 3,500 मीटरवर, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि फारच बिघडलं तर पाझरू लागतात. 1962 च्या युद्धाच्या सुमारास आपल्या जवानांना घाईघाईने वर न्यावं लागलं, त्यातून हा आजार आपल्याकडे नीट अभ्यासला गेला. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये अशा 1,925 जवानांची हकिगत छापली. ती धडधाकट माणसं होती. भोवला तो वर चढण्याचा वेग.

आता माझं खातं. पायोरियात दात आणि हिरडीच्या मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात ऑक्सिजन इतका कमी असतो की एव्हरेस्टचा माथा त्यापुढे बरा. म्हणूनच ऑक्सिजन न लागणारे जंतू तिथे मजेत राहतात. चावताना, ब्रश करताना ते आणि त्यांच्या आवरणातलं विष थोडंथोडं रक्तात उतरतं, शरीर दाहाची रसायनं सोडत राहतं, आणि मेंदूतल्या पहारेकरी पेशी त्याने सावध होतात. हे वर्षानुवर्षं धुमसणारं प्रकरण. 2019 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरडीतल्या एका जंतूच्या खुणा सापडल्या तेव्हा आमच्या धंद्यात केवढी चर्चा! त्या जंतूवर बेतलेलं औषध मात्र 2021 मध्ये मोठ्या चाचणीत मुख्य कसोटीला उतरलं नाही. त्यामुळे ‘दात साफ करा, स्मृतिभ्रंश टाळा’ असं कुणी सांगितलं की मी मान डोलावत नाही.

दोन्ही वाटा एका ठिकाणी मिळतात, हे मात्र खरं. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधली दाहाची यंत्रणाही जागी होते. उंचीवर गेलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातही तिची रसायनं वाढलेली दिसतात. उंदरांना आधी जंतूंचं विष टोचून मग विरळ हवेत ठेवलं, तर मेंदूत पाणी जास्त साचतं. कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर 86 जणांच्या चाचणीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना उंचीचा त्रास झाला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी 69 टक्क्यांना. म्हणजे दाहाचा काही हात आहे. पण उंदराला टोचलेला डोस आणि तुमच्या वडिलांची हिरडी यांत फार अंतर आहे. (ही गोळी मनाने सुरू करू नका, या वयात पोट आणि किडनीचं बघावं लागतं.)

मी असतो तर पायोरियासाठी सहल रद्द केली नसती. निघण्याआधी महिनाभर हिरड्यांची खोल सफाई करून घेतली असती. सफाईने दात ढिले होतात हा समज खोटा आहे. दातांवर साचून कडक झालेला थर, म्हणजे दगड, काढला की आधीच ढिला झालेला दात उघडा पडतो, इतकंच. एखाद्या दाताखाली पू असेल तर तोही आधी निस्तरा, कारण दाब बदलला की असा दात विमानातच ठणकू शकतो. बीपी आणि शुगर फिजिशियनला दाखवा, डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) द्यायची की नाही हेही तेच ठरवतील.

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस हॉटेल आणि फार तर बाजार. टूरवाल्याने दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही लेहहून बरीच उंच खिंड ठेवली असेल तर भांडून बदलून घ्या. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. आणि वडील बरळायला लागले किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. ते जमलं नाही किंवा बरळणं चालूच असेल, तर ऑक्सिजन लावून थेट हॉस्पिटल, आणि तिथून जितक्या लवकर होईल तितक्या लवकर खाली.