ओळखीतलं घर सांभाळायला घेताना

मालक बाहेरगावी असताना त्यांचं घर राहून सांभाळायला पहिल्यांदाच घेताय ना? बिनधास्त घ्या. फक्त एक लक्षात असू द्या: भाडं नाममात्र असतं, कारण बाकीचं आपण घराकडे लक्ष देऊन फेडायचं असतं.

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे "आपलीच माणसं, लिहून कशाला घ्यायचं?" मीही तेच केलं. विजेचं बिल कोणी भरायचं यावरून चांगल्या मैत्रीत अढी बसली, ती जायला वर्ष लागलं. आता एका कागदावर लिहून घेतोच:

- मुदत, मालक लवकर परतले तर घर किती दिवसांत सोडायचं
- वीज, पाणी, गॅस कोणाकडे
- न विचारता दुरुस्तीवर किती खर्च करायचा
- पाहुणे चालतील का

किल्ली घेताना मालकांसोबत घरभर फिरा. पाण्याचा मुख्य कॉक स्वतःच्या हाताने बंद करून बघा. मीटरच्या आकड्यांचे, भिंतीवरच्या जुन्या ओलीचे फोटो काढा. वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत आठवड्याला मगभर पाणी ओता, नाहीतर जाळीखाली साठलेलं, वास अडवणारं पाणी सुकून गटाराचा वास घरात येतो.

काही फुटलं तर त्याच दिवशी कळवा. लांब मुदतीची, पाळीव प्राणी असलेली घरं नंतर बघू. सुरुवात एखाद्या महिन्याच्या मुदतीच्या घराने करा.