रोबोटिक्स स्पर्धेसाठी स्काउटिंगचं ॲप बनवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात अकरावीला आहेस, शाळेची ९ जणांची टीम पहिल्यांदाच एफटीसीत (फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेत) उतरतेय, आणि बाकीच्या टीमच्या रोबोंची आकडेवारी ठेवणारं ॲप तुला स्वतः बनवायचंय. ओपीआर, म्हणजे जोडीच्या गुणांत एकेका टीमचा वाटा किती याचा अंदाज, काढता येतो, पण पुढे काय? मशीन लर्निंग लागेल का?

अकरावीत आहेस म्हणून अरे-तुरे करतो. मी उद्यमनगरात एका कारखान्याच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो आणि गेली तीन वर्षं एका शाळेच्या टीमबरोबर आहे. मशीन लर्निंग लागणार नाही. कोड दोन-तीन रविवारांत होईल. वेळ जातो तो रोबोकडे बघायची नजर तयार करण्यात, आणि ती तयारी आजपासून सुरू करायला हवी.

आधी ॲप कशासाठी हवंय ते ठरवा. प्रत्येक सामन्यात दोन टीमची लाल जोडी दोन टीमच्या निळ्या जोडीशी खेळते. पात्रता सामन्यांत जोडीदार वेळापत्रकच ठरवतं. ते संपले की वरच्या क्रमांकाच्या टीम कॅप्टन होतात आणि आपला जोडीदार स्वतः निवडतात. मैदानात उभं राहून "कोण हवं?" याचं उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. त्या उत्तराला ज्या माहितीचा उपयोग नाही ती गोळा करू नका. आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये २३ रकाने होते, चाकं कुठल्या प्रकारची आहेत इथपर्यंत. जोडीदार निवडताना त्यातले चारच उघडून बघितले गेले.

आता ओपीआर. तो आंधळेपणाने वापरू नकोस, आतून कसा चालतो ते बघ. समज तीन टीम आहेत. अ आणि ब मिळून ६० गुण करतात, ब आणि क मिळून ५०, अ आणि क मिळून ७०. समीकरणं सोडवली की अ ४०, ब २०, क ३०. आता पहिल्याच सामन्यात ब च्या रोबोची बॅटरीची वायर निसटली आणि त्या जोडीचे ६० ऐवजी ४० झाले असं धर. पुन्हा सोडव: अ ३०, ब १०, क ४०. क त्या सामन्यात मैदानात नव्हताच, तरी तो १० गुणांनी वर गेला. अ ने काही चुकीचं केलं नाही, तरी तो खाली आला. मुलांना हे फळ्यावर करून दाखवलं तेव्हापासून कुणी नुसत्या ओपीआरच्या यादीवरून वाद घातलेला नाही.

खऱ्या स्पर्धेत समीकरणं जास्त असतात. २४ टीम आणि प्रत्येकीचे ५ सामने धरले तर ३० सामने होतात. प्रत्येक सामन्यात दोन जोड्यांचे गुण, म्हणजे २४ अज्ञातांसाठी ६० समीकरणं. पायथनमधली नमपाय ही गणिताची लायब्ररी लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे एकूण चूक कमीत कमी राहील अशा रीतीने, ती क्षणात सोडवते, पण ५ सामन्यांत एक वायर निसटली तरी आकडा हलतोच. आणि दंडाचे गुण वगळून गणित कर. एफटीसीत दंडाचे गुण समोरच्या जोडीच्या खात्यात जमा होतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुका तुझ्या जोडीदाराच्या नावावर कर्तबगारी म्हणून दिसतील.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. दोन टीमच्या ताकदीची सरळ बेरीज होते असं ओपीआर गृहीत धरतो. एफटीसीचा २०२४-२५ चा 'इनटू द डीप' खेळ उदाहरणाला घे. वरच्या बास्केटमध्ये सॅम्पल (रंगीत ठोकळा) टाकलं तर ८ गुण, वरच्या दांडीवर स्पेसिमेन (क्लिप लावलेला तोच ठोकळा) अडकवला तर १० गुण. दोन्ही रोबो स्पेसिमेनवाले असले तर ते एकाच दांडीपाशी एकमेकांच्या वाटेत येतात. यादीत पहिला दिसणारा रोबो तुमच्यासाठी सातव्या क्रमांकाचा असू शकतो, कारण तो तुमचंच काम करतो. हे गणित सांगत नाही, बघणारा माणूस सांगतो.

म्हणून फॉर्म छोटा ठेव. सुरुवातीच्या ३० सेकंदांत, म्हणजे स्वयंचलित भागात, रोबोने काय केलं. पुढच्या दोन मिनिटांत कुठल्या जागी किती वस्तू टाकल्या. शेवटी दांडीला लटकला का. मध्ये बंद पडला का, पडला तर कितव्या सेकंदाला. आणि मोकळी ओळ एकच. 'शून्य' आणि 'बघायचं राहिलं' ही दोन वेगळी बटणं हवीत. आमच्याकडे हे एक होतं, त्यामुळे एक चांगली टीम सरासरीत तळाला गेली आणि आम्ही तिला विचारलंच नाही. ती चुकलेली निवड मला अजून टोचते.

टीमचा क्रमांक टाइप करायला लावू नकोस. वेळापत्रक आधीच ॲपमध्ये भर. पोरगं 'सामना ७, लाल २' (लाल जोडीतला दुसरा रोबो) एवढं निवडेल, क्रमांक आपोआप यावा.

सरासरीवरही थांबू नकोस. एका रोबोने पाच सामन्यांत ८, ८, ९, ८, ७ वस्तू टाकल्या आणि दुसऱ्याने ०, १६, २, १८, ४, तर दोघांची सरासरी ८ च. पाचच आकडे असतात, ते सगळे ओळीने दाखव. कॅप्टनला एका नजरेत समजतं.

नेटवर्कचं आधीच सांगून ठेवतो. हॉलमध्ये स्वतःचं वाय-फाय किंवा हॉटस्पॉट सुरू करायला टीमना मनाई असते, कारण रोबोच वाय-फायवर चालतात. मोबाइल डेटाचा गर्दीत भरवसा नाही. आमचं पहिलं ॲप ऑनलाइन शीटमध्ये लिहायचं. दुपारपर्यंत निम्म्या नोंदी फोनमध्येच अडकल्या आणि एका मुलीने चिडून पान रिफ्रेश केलं तशा गेल्या. आता नोंद आधी फोनमध्येच साठते, सामना संपला की स्क्रीनवर क्यूआर कोड येतो आणि लॅपटॉपचा कॅमेरा तो वाचतो. एका कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात, पण कोड जितका गच्च तितका स्वस्त कॅमेरा अडखळतो. एका सामन्याची नोंद शंभरेक अक्षरांत बसव. सामना, टीम आणि स्काउट मिळून एक किल्ली कर, म्हणजे तोच कोड दोनदा वाचला तरी नोंद दुप्पट होणार नाही. नोंदी साठवायला लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस भरपूर झाला.

नोंदी खऱ्या आहेत का हे तपासायची युक्ती मला सगळ्यात आवडते. लाल जोडीच्या दोन्ही रोबोंच्या तुमच्या नोंदींवरून गुण काढ आणि दंड वगळलेल्या अधिकृत गुणांशी ताडून बघ. फरक मोठा असला की तो सामना लाल रंगात दाखव. लगेच विचारलं तर बघणाऱ्याला आठवतं, संध्याकाळी नाही. अधिकृत गुण एफटीसीच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामला थेट माहिती देणाऱ्या सेवेतून, मिळतात, नोंदणी करून टोकन (प्रवेशाची किल्ली) घ्यावं लागतं. नेट नसेल तर हाताने भर. घरी अभ्यासाला एफटीसी स्काउट ही वेबसाइट बघ, तिथे जुन्या स्पर्धांचे ओपीआर आयते दिसतात, तुझं गणित त्यांच्याशी जुळतं का ते बघता येईल.

राहिली माणसं. प्रत्येक सामन्यात ४ रोबो, म्हणजे ४ जण सतत बसलेले हवेत. ९ जणांतून ड्रायव्हर आणि पिटवाले (रोबोची दुरुस्ती बघणारे) वजा केले तर तेवढेच उरतात, आणि दिवसभर चौघं टिकत नाहीत. शेजारच्या टीमशी आधीच बोलून नोंदी वाटून घ्या. आम्हाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आणि नजरेसाठी शाहू स्टेडियमवर जा. खरंच सांगतोय. केएसए लीगचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचा) फुटबॉल सामना असताना आम्ही पोरांना गॅलरीत बसवलं आणि प्रत्येकाला एकच खेळाडू दिला: त्याने किती पास दिले, किती चुकले. एका खेळाडूवर दोघं, एकमेकांना न दाखवता मोजायचं. पहिल्या दिवशी एकाचे ११ आणि दुसऱ्याचे १९. भांडणच लागलं. चेंडू जिकडे तिकडे नजर पळते, गोल झाला की अख्खं स्टेडियम उभं राहतं आणि आपला खेळाडू हरवतो. तिसऱ्या सामन्याला फरक एक-दोन पासांवर आला. स्पर्धेत त्याच दोघांच्या नोंदी अधिकृत गुणांशी सगळ्यात जास्त वेळा जुळल्या. तिथे आम्ही कागद आणि पेन्सिलच नेली होती, ॲप तेव्हा अर्धवट होतं.