'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' संपल्यानंतरची कथा कॉमिक्समध्ये पुढे नेली आहे का? असल्यास सुरुवात कोणत्या कॉमिक्सपासून करावी?

होय, पुढची कथा कॉमिक्समध्ये आहे. घटनाक्रम पुढे कुठे जातो एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे असेल, तर २०२० साली सुरू झालेले 'बॅटमॅन: द ॲडव्हेंचर्स कंटिन्यू' वाचावे. मालिकेच्याच लेखकांपैकी पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट यांनी ते लिहिले असून त्यातील कथा १९९७ ते १९९९ या काळातील 'द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' या पर्वानंतर घडते. तरीही सुरुवात तिथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालिका १९९२ मध्ये पडद्यावर आली आणि त्याच वर्षी डीसी या कॉमिक्स प्रकाशन संस्थेने 'द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' हे मासिक काढले. १९९५ पर्यंत त्याचे ३६ अंक निघाले. बहुतेक अंकांचे लेखन केली पकेट यांचे आहे; चित्रे सुरुवातीला टाय टेम्पल्टन यांची आणि पुढे प्रामुख्याने माईक पॅरोबेक यांची. पकेट आणि पॅरोबेक या जोडीपुढची अडचण मोठी होती. एरिक राडोम्स्की यांनी काळ्या कागदावर रंगवायला लावलेले बॅटमॅनचे शहर गॉथम, शर्ली वॉकर यांचे संगीत आणि केव्हिन कॉनरॉय यांनी बॅटमॅनला दिलेला आवाज यांवर मालिकेचा निम्मा प्रभाव अवलंबून होता, आणि यांतले काहीही छापील पानावर जसेच्या तसे उतरवता येणार नव्हते. म्हणून त्यांनी मालिकेचा काटकसरीपणा उचलला. साधारणपणे एका अंकात एक पूर्ण गोष्ट, मोजके संवाद, आणि जिथे चित्र बोलते तिथे एकही शब्द नाही. पॅरोबेक यांच्या रेषा इतक्या साध्या आहेत की त्यांतले कसब पहिल्या वाचनात जाणवतही नाही. पण उडी मारणाऱ्या बॅटमॅनच्या शरीराचा तोल पाहावा, म्हणजे एवढ्या थोड्या रेषांत इतकी गती आणणे किती अवघड आहे ते कळते. ते १९९६ मध्ये, अवघे तीस वर्षांचे असताना गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

याच परंपरेत १९९४ चा 'मॅड लव्ह' हा विशेषांक आहे आणि आपण सर्वांत आधी तोच वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. हार्ली क्विन हे पात्र मुळात मालिकेसाठी निर्माण झाले होते. ती अर्खम या मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ होती आणि तिथेच जोकरच्या आहारी गेली, हा तिचा पूर्वेतिहास डिनी आणि ब्रूस टिम यांनी प्रथम या कॉमिकमध्ये सविस्तर सांगितला. बॅटमॅनला संपवण्याची तिची योजना जवळजवळ यशस्वी होते, आणि जोकरला नेमके तेच सहन होत नाही. एका माणसाच्या मर्जीसाठी स्वतःला पुसून टाकणाऱ्या स्त्रीची ही शोकांतिका आहे, आणि ती विनोदी चित्रशैलीत सांगितल्यामुळे अधिक बोचते. या अंकाला कॉमिक्स क्षेत्रातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला, आणि १९९९ मध्ये त्यावरूनच मालिकेचा एक भाग तयार झाला.

त्यानंतरचे 'द बॅटमॅन अँड रॉबिन ॲडव्हेंचर्स' आणि साठ अंकांचे 'गॉथम ॲडव्हेंचर्स' सवडीने वाचता येतील. मात्र २००३ मध्ये नव्याने सुरू झालेले 'बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' चुकवू नये. त्यात बॅटमॅनचा शत्रू पेंग्विन गॉथमचा महापौर होतो, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती शहराचा कारभार जातो. डॅन स्लॉट आणि टेम्पल्टन यांनी ही कल्पना अंकामागून अंक फुलवत नेली असतानाच सतराव्या अंकाला मासिक बंद झाले. माझ्या दृष्टीने या सगळ्या वाटचालीतले सर्वांत मोठे नुकसान तेच.

एवढे वाचून झाल्यावर २०२० च्या कॉमिककडे वळावे. मालिकेत डिक ग्रेसननंतर थेट टिम ड्रेक हा बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होतो, मूळ कॉमिक्समध्ये या दोघांच्या मधे रॉबिन झालेला जेसन टॉड कुठेच दिसत नाही. डिनी आणि बर्नेट यांनी त्या रिकाम्या जागेत जेसनला बसवले आहे. हा भाग मला मनापासून आवडला. डेथस्ट्रोक आणि अझ्राएल यांच्यासारखी, मालिकेत न आलेली पात्रे आणताना मात्र कथेची घाई होते आणि कुणाच्याही मनात शिरायला लेखकांना पुरेशी जागा मिळत नाही. पकेट आणि पॅरोबेक यांचे अंक आधी वाचलेले असतील, तर हा फरक आपल्या सहज लक्षात येईल.