‘फोकच्या देवा’ने इलेक्ट्रिक गिटारची साथ का घेतली?

प्रश्न : नोबुयासु ओकाबायाशी या जपानी गायक-गीतकारांना एके काळी ‘फोकचा (साध्या गिटारवर म्हटलेल्या लोकगीतधर्तीच्या गाण्यांचा) देव’ म्हणत असत, असे वाचनात आले. मग १९७० साली त्यांनी रॉक वादकांना सोबत घेऊन ‘मिरु माए नि तोबे’ हा अल्बम का केला? ती फोककडून इलेक्ट्रिक रॉककडे वळलेल्या अमेरिकन गायक बॉब डिलन यांची नक्कलच होती का? आणि जपानी न समजणाऱ्याने तो ऐकण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : डिलन यांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही, पण केवळ तेवढ्यावर हा अल्बम उलगडत नाही. ओकाबायाशी हे शिगा प्रांतातील एका ख्रिस्ती पाद्र्याचे चिरंजीव. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकत होते. तो अभ्यास अर्धवट सोडून त्यांनी तोक्योतील सान्या या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत स्वतः काम केले, आणि त्या अनुभवातून आलेले ‘सान्या ब्लूज’ हे त्यांचे १९६८ साली रेकॉर्डवर निघालेले पहिले गाणे. विद्यार्थी चळवळीच्या त्या धगधगत्या काळात ‘तोमो यो’ (मित्रा, अरे मित्रा) हे त्यांचे गीत सभांमधून समूहाने गायले जाऊ लागले. येथेच घोटाळा झाला. श्रोत्यांना गायक नको होता, पुढारी हवा होता. आणि देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला नवे गाणे लिहिणे अवघड जाते.

अल्बमच्या नावाचा अर्थ आहे ‘पाहण्याआधी उडी घे’. (याच नावाची केन्झाबुरो ओए यांची कथा १९५८ सालची आहे.) साथीला होता ‘हॅपी एंड’ हा चौघांचा गट : हारुओमी होसोनो, एइइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरू सुझुकी. पुढे जपानी लोकप्रिय संगीताला वळण देणाऱ्या या चौघांचा स्वतःचा पहिला अल्बम तेव्हा अजून बाजारात यायचा होता.

त्या काळी जपानमध्ये वाद चालू होता तो रॉक जपानी भाषेत गाता येते की नाही याचा. जपानी शब्दांत इंग्रजीसारखा आघात नसतो. प्रत्येक मात्रा जवळपास सारखाच वेळ घेते, त्यामुळे ड्रमच्या ठोक्यावर शब्द बसवताना ते एकतर ताणावे लागतात किंवा कोंबावे लागतात. मात्रावृत्ताची सवय असलेल्या मराठी कानाला ही अडचण सहज कळावी. ओकाबायाशी शब्द ताणत नाहीत, बोलल्यासारखे सरळ म्हणत जातात आणि ठेका त्यांच्याभोवती फिरत राहतो. माझ्या मते अल्बमचे खरे यश यातच आहे, जरी जॅक्स या गटाकडून घेतलेली गाणी त्यांच्या स्वतःच्या रचनांइतकी पकड घेत नाहीत.

‘वाताशिताची नो नोझोमु मोनो वा’ (आम्हाला हवे आहे ते) हे यातले गाणे मात्र आवर्जून ऐकावे. आम्हाला जगण्याचे दुःख नको, जगण्याचा आनंद हवा, अशा अर्थाने ते सुरू होते. मोर्चातल्या घोषणेसारखी तीच तीच रचना आवर्तनाने येत राहते, वाद्ये चढत जातात, आणि मग गायक वाक्यच उलटे करतो : आनंद नको, दुःखच हवे. सुरात सूर मिसळून गाणाऱ्या जमावाला येथे ठेच लागावी, हाच हेतू असणार. भाषा कळत नसली तरी मूळ शब्दांचा अर्थ एकदा वाचून घेतला की हे वळण कानांना जाणवते.

पुढच्याच वर्षीच्या अल्बमचे नाव होते ‘ओरेरा इची नुकेता’, म्हणजे खेळातून मी बाहेर. त्यानंतर ते खेड्यात जाऊन शेती करू लागले. सत्तरच्या दशकात एन्का या भावगीतप्रकाराकडे वळून त्यांनी प्रख्यात गायिका मिसोरा हिबारी यांच्यासाठी गाणी लिहिली, तर पुढे जपानी लोकसंगीताच्या ठेक्यावर ‘एन्यातोत्तो’ नावाची स्वतःची शैली घडवली. संपूर्ण नव्या गाण्यांचा ‘फुक्कात्सु नो आसा’ हा अल्बम २०२१ साली, तब्बल २३ वर्षांनी आला. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. सुरुवात मात्र आपण १९७० पासूनच करावी.